दोघांचा पत्ता

फायलिंगच्या खिडकीतले कारकून
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
बाई, अर्जदार क्रमांक एक आणि अर्जदार क्रमांक दोन,
दोघांचा पत्ता एकच कसा?
परिच्छेद सहात तर लिहिलंय,
उभयता दीड वर्षापासून विभक्त राहत आहेत.

राहतोच.
खोली अकरा, कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व.
मी दाराकडे, तो खिडकीकडे.
मध्ये पडदा, घाटकोपरहून आणलेला, साडेसातशेचा.
निम्मे पैसे त्याने दिले.

लोबो मॅडम पुढे झाल्या.
म्हणाल्या, कायदा छपरं मोजत नाही.
राहणं वेगळं, नांदणं वेगळं.
मग माझ्याकडे वळून, हळूच:
नांदत नाही ना, उज्ज्वलाताई?

नाही, मॅडम.
त्याचा चहा पहाटे पाचला, डेपोतून आल्यावर.
माझा सव्वासहाला.
साखरेचे डबे दोन झाले. मिठाचा एकच राहिला,
वाटण्या करताना कुणाच्या लक्षातच आला नाही.
सिलिंडर कुणी कधी भरला ते वहीत लिहितो.
मैथिली दोन्हीकडे जाते-येते,
दहावीचं वर्ष, तिला पडदा आडवा येत नाही.
तिच्या ताब्याचं कलम आठवं.
त्यात भेटीचे वार लिहायला जागा होती,
तिथे मॅडमनी नुसती आडवी रेघ मारली.

एकाने तरी बाहेर पडायला हवं, समुपदेशक म्हणाले.
विचारलं, कुठे?
भाडं बावीस हजार, डिपॉझिट लाखभर.
त्याची पगाराची स्लिप, माझी पगाराची स्लिप,
दोन्ही त्यांच्या टेबलावर मांडल्या.
ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले.
इमारत पाडणार, नवी बांधणार,
असं नऊ वर्षं ऐकतोय.
बिल्डरच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत.
लग्न सुटेल. खोली कशी सुटायची?

एक गोष्ट कोर्टात सांगितली नाही.
पंखा त्याच्या हद्दीत येतो,
रेग्युलेटर माझ्या.
मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी,
रात्रपाळीचा झोपलेला तो घामाने कूस बदलतो,
लोखंडी खाट करकरते.
मागत काही नाही.
मी उठते आणि बटण चारवर नेते.
एकदा नेलं नाही. मुद्दाम एकवर ठेवलं
आणि इकडे स्वतःच उकडत बसले.
मॅडमना विचारलं, याला काय म्हणतात तुमच्यात?
त्यांनी फाइल मिटली.
हे दुसऱ्या कुणाला विचारू नका, म्हणाल्या.

विचार करायला सहा महिने मिळाले.
सहा महिने त्याच खोलीत.
विचार करायचा झाला तर मी जिन्यात जाऊन बसायचे,
बारा नंबरच्या काकू विचारायच्या, किल्ली विसरलीस का गं?

मग ती तारीख. प्रश्न दोनच.
कुणाचा दबाव?
नाही.
पुन्हा नांदण्याची शक्यता?
नाही, तो म्हणाला. नाही, मी म्हणाले.
दोघांचं एकदमच आलं,
कितीतरी वर्षांनी.
बाहेर वांद्र्याचं रखरखीत ऊन.
तो बसस्टॉपकडे गेला.
मी एक बस सोडली,
दुसरीने गेले. तिथेच.

हुकूमनाम्याच्या प्रती पोस्टाने आल्या.
पाकिटं दोन.
पोस्टमन नवा. मी एकावर सही केली.
आणि हे रोहिदास घाग?
ते पलीकडे राहतात, म्हटलं. झोपलेत.
पलीकडे म्हणजे?
त्याने बारा नंबरच्या दाराकडे पाहिलं,
वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं.
मी जरा बाजूला सरकले.
आत पडदा हलत होता,
चारवर.